श्वासाची साक्ष

“नळी नाका, डॉक्टर.”

जोयडा तालुक्यात व्यवसाय करताना हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील याची गणती नाही. बोलणारा कधी अणशीकडचा कुणबी शेतकरी असे, कधी कॅसलरॉककडची एखादी आजी, तर कधी दांडेलीला कामावर जाणारा तरुण. तक्रार मात्र ठरलेली. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, उपाशीपोटी कळ, मध्यरात्रीनंतर त्या कळेने येणारी जाग आणि दोन घास पोटात गेले की तात्पुरता आराम. सारे ऐकून, पोट तपासून मी दुर्बीण तपासणीचा, म्हणजे एन्डोस्कोपीचा विषय काढला की समोरची व्यक्ती आधी सोबतच्या नातेवाइकाकडे पाही, मग जमिनीकडे, आणि शेवटी ते तीन शब्द उच्चारी.

प्रारंभी मला या नकाराचा राग येई. पुढे उमजत गेले की, ही केवळ घशात नळी जाण्याची भीती नव्हे. आमच्या तालुक्याचा बहुतांश भाग अरण्याने व्यापलेला आहे. वस्ती विरळ, घरे एकमेकांपासून दूर, मध्ये ओढे आणि चढउतार. तपासणीसाठी बेळगाव, हुबळी, कारवार किंवा गोवा गाठायचे म्हणजे पहाटे पायी निघून बस धरायची. सोबतीला कोणी तरी हवे. दोघांची मजुरी बुडणार. प्रसंगी शहरात रात्र काढावी लागणार आणि पावसाळा असेल तर ओढा उतरेल तेव्हा घर दिसणार. त्या तीन शब्दांत हा सगळा हिशेब असे. मीच तो उशिरा वाचला.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी ना कोणी व्यवसायबंधू आपल्या शाखेतील नव्या शोधांविषयी अधिकारवाणीने लिहीत असतात. मी पोटविकारतज्ज्ञ नव्हे. एक साधा कुटुंबवैद्य आहे. तरीही ज्या एका तपासणीने या नकाराला आदरपूर्वक उत्तर दिले, आणि जिच्यासंबंधी माझ्या हातून झालेली एक चूक मला आजही विसरता येत नाही, त्या युरिया श्वास-चाचणीविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आले.

आम्ल, चिंता आणि शस्त्रक्रिया

माझे वडील मूळचे सुप्याचे. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. आमच्यासारखी अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरला येऊन स्थिरावली. त्याच सुमारास मी वैद्यकीय पदवी घेऊन तेथे दवाखाना थाटला.

त्या काळी आम्हाला शिकविले गेलेले शास्त्र सरळ होते. जठरात आम्ल वाढते, ते अस्तर खाते आणि व्रण होतो. आम्ल का वाढते? तर चिंता, तिखट, विडी, चहा आणि जेवणाच्या अनियमित वेळा. जेथे आम्ल नाही तेथे व्रण नाही, हा विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा सिद्धान्त आम्ही परीक्षेत लिहीत असू आणि व्यवसायातही पाळत असू. रुग्णाला आम्लशामक पातळ औषध द्यायचे, सिमेटिडीन किंवा रॅनिटिडीनच्या गोळ्या द्यायच्या आणि तिखट सोडण्याचा उपदेश करायचा. गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटे. बंद केल्या की काही महिन्यांत दुखणे परते. आतडे आकसले किंवा व्रण फुटला की शल्यविशारदाकडे पाठवायचे.

दक्षिण भारतात या व्रणाचे प्रमाण पूर्वापार मोठे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेले टी. हॉवर्ड सॉमरवेल हे शल्यविशारद पुढे त्रावणकोरमधील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात कामाला राहिले. तेथे त्यांच्यापुढे आलेल्या रुग्णांत पक्वाशयव्रणाचे, म्हणजे ड्युओडिनल अल्सरचे रुग्ण इतके होते की, त्या शस्त्रक्रियेतील त्यांचा अनुभव जगभर वाखाणला गेला. आपल्या कर्नाटकात म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात काम केलेल्या फ्रँक टोवी यांनी भात खाणाऱ्या आणि गहू खाणाऱ्या प्रदेशांतील व्रणांची तुलना करण्यात बरीच वर्षे घालविली. त्याआधी कितीतरी शतके माधवनिदानात ‘परिणामशूल’ वर्णिलेला आहे. अन्न पचू लागले की उठणारी आणि पुन्हा खाल्ल्यावर शमणारी ती कळ आपल्यापैकी प्रत्येकाने ओळखली असेल. निरीक्षणे सर्वांची अचूक होती. कारण मात्र कोणाच्या हाती लागले नव्हते.

पर्थची सुट्टी

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वक्राकार जीवाणू दिसू लागले. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीव तगणार नाही, या तत्कालीन समजुतीमुळे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८१ साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जीवाणू वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही दिसले नाही की प्रयोगशाळेत त्या तबकड्या टाकून दिल्या जात. १९८२ सालच्या ईस्टरच्या सलग सुट्टीत काही तबकड्या उबवणपेटीत तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर त्यांवर जीवाणूंची वाढ आढळली! त्याला केवळ अधिक वेळ हवा होता. १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच त्या जीवाणूचे द्रावण प्राशन केले. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बीण तपासणीत जठराचा दाह सिद्ध झाला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन यांचे २०२४ साली निधन झाले.

हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो बहुधा बालपणीच, घरातल्या घरात, तोंडावाटे किंवा दूषित पाणी व हातांवाटे शरीरात शिरतो आणि उपचार न झाल्यास जन्मभर राहतो. बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना व्रण होतो. थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ साली त्याची गणना निश्चित कर्ककारकांत केली.

एखाद्या परिसंवादात हे प्रथम ऐकले तेव्हा मागच्या रांगेत बसलेले आम्ही काही जण हसलो होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याच आठवड्यात रामनगरात माझ्यासमोर एक रुग्ण बसला होता. दहा वर्षे माझ्याच गोळ्या खात असलेला. त्याला आता काय सांगावे, हे मला सुचेना.

फुंकरीत काय दडले आहे?

जठरातील आम्लात हा जीवाणू जगतो कसा, यातच त्याला पकडण्याची युक्ती आहे. त्याच्यापाशी युरिएज नावाचे विकर विपुल असते. या विकराच्या साहाय्याने तो युरियाचे विघटन करून अमोनिया आणि कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करतो. अमोनिया आम्लाला मारक; त्याचे कवच पांघरून जीवाणू सुरक्षित राहतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र जठराच्या अस्तरातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसांत आणि तेथून उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. मानवाच्या स्वतःच्या पेशींत युरिएज नसते. म्हणून रुग्णाला खूण केलेला युरिया पाजला आणि थोड्या वेळाने तीच खूण त्याच्या श्वासात सापडली, तर जठरात तो भाडेकरू आहे, हे निश्चित.

खूण करायची ती युरियातील कार्बनच्या अणूवर. त्याचे दोन प्रकार. कार्बन-१३ हा जड असला तरी किरणोत्सारी नाही. निसर्गातील एकूण कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का तोच असतो. कार्बन-१४ किंचित किरणोत्सारी. कार्बन-१३ वापरणारी चाचणी १९८७ साली अमेरिकेतील डेव्हिड ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. कार्बन-१४ ची पद्धतही त्याच सुमारास आली आणि तिच्या विकासात स्वतः मार्शल यांचा वाटा होता.

प्रत्यक्ष चाचणी इतकी साधी आहे की, रुग्णाला ती तपासणीच वाटत नाही. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाने प्रथम एका पिशवीत श्वास फुंकायचा. मग लिंबासारखे आंबट, सायट्रिक आम्ल घातलेले पेय आणि त्यासोबत कार्बन-१३ युक्त युरियाची पूड घ्यायची. मात्रा साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकर मारायची. दोन्ही पिशव्यांतील वायू यंत्रातून तपासून, दुसरीत कार्बन-१३ चे प्रमाण पहिलीच्या तुलनेत किती वाढले ते पाहायचे. हजारी चारच्या आसपास किंवा त्याहून अधिक वाढ असली की चाचणी होकारार्थी. नीट केलेल्या चाचणीचा निर्णय शंभरात सुमारे ९५ वेळा बरोबर ठरतो.

आंबट पेय कशासाठी, असे मला आमच्या कंपाउंडरने विचारले होते. आम्लामुळे जठर सावकाश रिकामे होते, युरिया तेथे अधिक वेळ रेंगाळतो. शिवाय जीवाणूच्या आवरणातील युरिया आत घेण्याचे दार परिसर आम्लधर्मी असतानाच उघडते. आमच्याकडे आमसुलाचे सार पिणाऱ्या रुग्णाला हे समजावण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. अर्ध्या तासाचा अवकाश कशासाठी, याचेही कारण आहे. तोंडातील काही जीवाणूंपाशीसुद्धा युरिएज असते. त्यांचा गोंगाट पहिल्या काही मिनिटांत शमतो. म्हणून चूळ भरावी आणि वाट पाहावी.

पहिली पिशवी कशासाठी, याचे उत्तर मला सर्वांत मनोरंजक वाटते. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस या वनस्पतींची कार्बन शोषण्याची रीत भात-गव्हाहून वेगळी आहे. त्यामुळे त्यांच्या अंगी कार्बन-१३ थोडा अधिक असतो आणि त्या खाणाऱ्यांच्या श्वासातही तो उतरतो. धारवाडकडील ज्वारीची भाकरी खाणारा आणि जोयड्याचा भात खाणारा, दोघेही निरोगी असले, तरी दोघांचे श्वास मुळातच निराळे! म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच पहिल्या श्वासाशी करायची, शेजाऱ्याशी नव्हे. वैद्यकाबाहेरही हा धडा उपयोगी पडावा.

कार्बन-१४ च्या पद्धतीत रुग्ण एक कॅप्सूल गिळतो आणि काही मिनिटांनी नळीतून एका रंगीत द्रावणात फुंकतो. द्रावणाचा रंग गेला की पुरेसा वायू जमला असे समजायचे आणि मग त्यातील किरणोत्सार मोजायचा. या कॅप्सूलच्या संमतिपत्रावरील ‘किरणोत्सारी’ हा शब्द वाचून कुंभारवाड्याकडच्या एका शिक्षकांनी मला विचारले, “डॉक्टर, हे कैग्यातले तर काही नाही ना?” काळी नदी आमच्या तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि खाली कारवार तालुक्यात तिच्याच काठी कैगा अणुवीजकेंद्र आहे. २००० सालापासून तेथे वीज तयार होते, आणि नदीकाठच्या माणसांच्या मनात ती शंका कायमची वस्तीला आली आहे. तिची थट्टा करणे मला कधीच योग्य वाटले नाही. मी त्यांना सांगितले की, या कॅप्सूलमधून मिळणारा किरणोत्सार आपल्याला माती, आकाश आणि अन्न यांतून एका दिवसात निसर्गतः मिळणाऱ्या किरणोत्सारापेक्षाही कमी असतो. तरीही गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी कार्बन-१३ चाच मार्ग धरावा. गुरुजींनी विचार करून कॅप्सूल घेतली.

माझी चूक

आता ती गोष्ट. २००९ सालच्या उन्हाळ्यात लाकूड-वखारीत काम करणारा एक चाळिशीतील गृहस्थ माझ्याकडे आला. सहा महिने कळ, रात्रीची जाग, अधूनमधून काळसर शौच. मी दुर्बिणीचा आग्रह धरला. त्याने नळी नाकारली. तेव्हा मोठ्या शहरातील एका केंद्रात श्वास-चाचणी होते, असे मला नुकतेच कळले होते. मी मोठ्या उत्साहाने त्याला तिकडे पाठविले. अहवाल नकारार्थी आला. ‘पायलोरी नाही’ असे मी त्याच्या कागदावर स्वहस्ते लिहिले, आम्लनिरोधक कॅप्सूल पुढे चालू ठेवण्यास सांगितले आणि निर्धास्त झालो.

सप्टेंबरमध्ये एका पावसाळी रात्री त्याला रक्ताची उलटी झाली. शेजारच्यांनी त्याला जीपमध्ये घातले. रामनगरला पोहोचला तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. सलाईन लावून मी स्वतः त्याच्यासोबत निघालो. त्या रात्रीचा रस्ता, काचेवरचा पाऊस आणि मागच्या बाकावर त्याच्या पत्नीचे न थांबणारे पुटपुटणे माझ्या कानांत अजून आहे. चार बाटल्या रक्त दिल्यावर त्याचा जीव वाचला. ज्या नळीला तो भ्याला होता, ती शेवटी अर्धवट शुद्धीत असताना घालावीच लागली. पक्वाशयात मोठा व्रण होता आणि नंतर तुकड्यांच्या तपासणीत पायलोरी सापडला.

चाचणी खोटी का ठरली? तेथील पोटविकारतज्ज्ञांनी मला एकच प्रश्न विचारला. “चाचणीच्या दिवशी हा ओमेप्रॅझोल घेत होता का?” तो घेत होता. मीच दिले होते. या वर्गातील औषधे जठरातील आम्ल कमी करतातच; शिवाय जीवाणूंची संख्या आणि त्यांच्या विकराचे कार्यही मंदावतात. जीवाणू मरत नाही, दबा धरून बसतो, आणि श्वासात त्याची खूण उमटत नाही. म्हणून ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल आदी औषधे चाचणीपूर्वी किमान दोन आठवडे, तर प्रतिजैविके आणि बिस्मथ किमान चार आठवडे बंद असावी लागतात. हे कोठे तरी मी वाचले होते. रुग्णाला सांगितले मात्र नव्हते, आणि कॅप्सूल तर माझ्याच चिठ्ठीवर होती. शिवाय काळसर शौच ही धोक्याची खूण असताना मी केवळ श्वासावर विसंबायलाच नको होते. त्या दिवशी चूक यंत्राची नव्हती, शहरातील केंद्राची नव्हती आणि नळीला भिणाऱ्या रुग्णाचीही नव्हती.

रुग्णालयातून सुटल्यावर त्याला रीतसर उपचार झाला. औषध संपल्यावर सहा आठवड्यांनी, आणि त्यातले शेवटचे दोन आठवडे केवळ साधे आम्लशामक पातळ औषध देऊन, पुन्हा श्वास-चाचणी केली. या खेपेस नकार खरा होता. त्यानंतर त्याला आजवर कळ आलेली नाही.

श्वास बसने जातो

या प्रसंगानंतर मी एक गोष्ट मनाशी धरली. कार्बन-१३ ची चाचणी करताना श्वास हवाबंद पिशवीत वा नळकांड्यात भरलेला असतो आणि तो काही दिवस जसाच्या तसा टिकतो. कार्बन-१३ चा क्षयही होत नाही. मग रुग्णाने प्रवास करण्याची गरजच काय? श्वासाने करावा! शहरातील केंद्रचालकांशी बोलणी केली. त्यांनी पिशव्या आणि पुड्या पाठविण्याचे मान्य केले. पुढे आठवड्यातील एक सकाळ आम्ही याच कामासाठी राखून ठेवली. चार-पाच रुग्ण उपाशीपोटी येत, फुंकर मारीत, आंबट पाणी पीत, अर्धा तास ओसरीवर गप्पा मारीत आणि पुन्हा फुंकर मारून शेतावर परतत. दुपारच्या बसने कंडक्टरच्या हवाली पिशव्यांची पेटी जाई. “डॉक्टर, आज हवा घेऊन चाललोय का?” असे तो हसत विचारी.

गमती-जमतीही घडल्या. एका आजोबांचे उत्तर शून्याच्याही बरेच खाली आले. त्यांच्या दोन पिशव्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. त्यानंतर पहिल्या पिशवीला पांढरा आणि दुसरीला तांबडा दोरा बांधण्याची पद्धत पाडली. एका सासूबाईंनी सुनेची चाचणी होकारार्थी आल्याचे कळताच तिचे ताट-वाटी वेगळी करण्याचा घाट घातला. त्यांना समजवावे लागले की, हा जीवाणू सुनेने बहुधा बालपणीच मिळविलेला आहे, तिला त्याबद्दल शिक्षा नको. स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात मात्र घरातील सर्वांनाच हवेत.

माझ्या मेजावर तेव्हापासून एक छापील चिठ्ठी असते. कोणती गोळी किती दिवस बंद, रात्री काय खायचे नाही, मधल्या काळात जळजळ झाली तर कोणते पातळ औषध चालेल. अक्षर न वाचणाऱ्यांसाठी कॅप्सूलच्या चित्रावर फुली मारलेली आहे. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाने सोबत आणण्यास मी सर्वांना सांगतो. त्या पानांतून आणखी एक गुन्हेगार सापडतो. भातलावणीच्या दिवसांत अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. व्रणाचे ते दुसरे मोठे कारण आहे, आणि त्यावर पायलोरीचा उपचार पुरेसा नाही.

मर्यादा ओळखून

नव्या साधनाच्या आनंदात त्याच्या मर्यादा विसरू नयेत. आपल्या देशात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत हा जीवाणू आढळतो. त्यामुळे चाचणी होकारार्थी आली म्हणजे समोरच्याची प्रत्येक ढेकर त्याच्यामुळेच, असे होत नाही. उपचार करण्याचा विचार नसेल तर चाचणीही करू नये. इतका व्यापक संसर्ग असूनही भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. या विसंगतीला संशोधक ‘भारतीय कोडे’ म्हणतात. ते अद्याप पुरते सुटलेले नाही.

श्वास-चाचणी जीवाणू आहे की नाही एवढेच सांगते. व्रण कोठे आहे, किती खोल आहे, तेथे कर्करोग तर नाही ना, याविषयी ती मूक आहे. म्हणून वजन घटणे, रक्ताल्पता, काळे शौच, सततची उलटी, घास अडकणे, कुटुंबात जठराच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीला पर्याय नाही. अशा वेळी मी आता रुग्णाची समजूत घालतो, त्याच्यासाठी दिवस ठरवून घेतो, गरज पडली तर सोबत कोणाला पाठवितो. तो नाही म्हणाला म्हणून सोडून देत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी स्वस्त असली तरी जुना आणि चालू संसर्ग यांतील भेद तिला कळत नाही. जीवाणू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने होकारार्थी राहते. शौचातील प्रतिजनाची चाचणी मात्र विश्वसनीय असून, जेथे श्वास-चाचणीची सोय नाही तेथे ती उत्तम. औषधे बंद ठेवण्याचा नियम तिलाही लागू आहे.

माझ्या मते श्वास-चाचणीचे खरे मोल उपचारानंतर आहे. भारतातील अनेक केंद्रांतील जीवाणूंचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जीवाणू तीन-चतुर्थांशाहून अधिक होते आणि क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारेही पुष्कळ. म्हणजे आपण लिहून दिलेला उपचार यशस्वी झालाच असेल, असे गृहीत धरण्यास आधार नाही. १४ दिवसांचा, बिस्मथसह चार औषधांचा उपचार आज अधिक भरवशाचा मानला जातो. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जीवाणू गेल्याची खात्री करून घ्यावी, असे सर्व मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कळ थांबली म्हणजे जीवाणू गेला, असे नव्हे. त्या एका खात्रीसाठी रुग्णाला पुन्हा नळी घालणे त्याला मान्य होणार नाही, आणि आपल्यालाही प्रशस्त वाटणार नाही. फुंकर मारायला मात्र तो आनंदाने येतो.

या विषयावर आपल्या देशातही काम चालू आहे. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रातील माणिक प्रधान आणि त्यांचे सहकारी लेझर किरणांच्या साहाय्याने श्वासातील अणुरेणूंचा अभ्यास करीत आहेत. उच्छ्वासातील बाष्पात पाण्याचे जे जड-हलके प्रकार असतात, त्यांच्या प्रमाणावरून पायलोरीचा माग काढता येईल, असे त्यांनी २०२० साली दाखवून दिले. असे यंत्र उद्या स्वस्त होऊन तालुक्याच्या रुग्णालयात आले, तर आमच्या पेटीला बसचे तिकीट काढावे लागणार नाही.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की, वर्षानुवर्षे आम्लनिरोधक कॅप्सूल खाणारा एक तरी रुग्ण आपल्या प्रत्येकाच्या वहीत असेल. त्याचे नाव शोधावे, त्याला बोलवावे, गोळी थांबवून रीतसर तपासावे. आणि ज्यांना आपण उपचार देऊन निरोप दिला, त्यांनाही एकदा फुंकर मारण्यास बोलवावे.

तो वखारीतील गृहस्थ आता साठीला टेकला आहे. दरवर्षी हिवाळ्यात तो शेतातील कंद घेऊन दवाखान्यात येतो, टोपली ठेवतो आणि थोडा वेळ बसतो. त्या रात्रीविषयी आम्ही बोलत नाही. गेल्या खेपेस तो आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाला तीच जळजळ, तीच मध्यरात्रीची जाग. मी विचारण्याआधीच त्याने खिशातून दुकानातल्या गोळ्यांचे रिकामे पान काढून माझ्यासमोर ठेवले आणि मुलाला म्हणाला, “हें पयलें डॉक्टरांक दाखय.”